राखून ठेवलेला प्रसंग

प्रिय मुली,

तुझ्या पोलीस मालिकेची ३२ भागांची वनलाइन, म्हणजे प्रत्येक भागात काय घडतं त्याचा थोडक्यात आराखडा, दोनदा वाचली. हवालदाराचं गुपित याच सीझनमध्ये फोडायचं की दुसऱ्यासाठी ठेवायचं, असं विचारतेस. अगं, दुसरा सीझन तुला दिलाय कुणी? राखून ठेवू नकोस.

‘गोल्डन बॉय’ ही अमेरिकन पोलीस मालिका तूच मला बघायला लावलीस. तिचा नायक वॉल्टर क्लार्क तीन वर्षं गणवेशात काढून थेट न्यूयॉर्कच्या खून-तपास पथकात येतो. सात वर्षांनी तो तिथला सर्वांत तरुण पोलीस आयुक्त होणार, हे आपल्याला आधीच सांगितलेलं. फेब्रुवारी २०१३ मध्ये सीबीएस वाहिनीवर सुरू झाली, मेमध्ये संपली. १३ भाग. मधली वर्षं कुणाला दिसलीच नाहीत. मला ती तरीही आवडली ती डॉन ओवेनमुळे. निवृत्तीला आलेला तो जोडीदार पहिल्या भागापासून त्या उतावळ्या पोराच्या शेजारी पुरता उभा आहे.

आणि तुझा फौजदार? सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत वर्षं घासून, नाशिकच्या अकादमीतून आलेला. १ जुलै २०२४ पासून झडती-जप्तीचं चित्रीकरण सक्तीचं झालं, म्हणून पहिल्याच पंचनाम्याला मोबाइल धरून उभा. हात थरथरतोय आणि म्हातारा हवालदार न बोलता त्याच्या कोपराला आधार देतो. काय लिहिलंयस गं! आणि हे २७व्या भागात? तोवर तो नुसता जीप पळवतो. पहिल्या भागात घे. राखून ठेवू नकोस.

माझीही अशीच एक मालिका होती, पुण्याच्या पेठांतल्या नव्या फौजदाराची. मुलगा गेल्याची बातमी आईला सांगायला तो वाड्याचा जिना चढतो, हा प्रसंग मी २६व्या भागासाठी जपला. नवव्या भागानंतर मालिका बंद झाली. हवालदाराचं काम करणारे नट भेटले की विचारायचे, “तो जिना कधी चढायचा?” ते गेले. तो प्रसंग अजून माझ्या वहीत आहे.

त्यानंतर मी प्रत्येक भाग शेवटचा समजून लिहिला. निर्माते चिडले, “पुढे काय दाखवणार?” म्हणाले. दोन कामं गेली. घरच्यांनी हेकट ठरवलं. पण सगळं दिलं की पुढचं सुचतं, हे मी अनुभवलंय. विहीर उपसली तरच झरे मोकळे होतात. त्या दोन कामांचं मला आजही वाईट वाटत नाही. जिन्याचं वाटतं.

चॅनेलवाले ‘ट्रॅक ताणा’ म्हणतील. त्यांच्याशी भांडायला मी येईन, पण आधी तू लिही तरी! गुपित दहाव्या भागात फोड. पुढचे २२ भाग कशावर चालणार, ही भीती आत्ता नको.

रविवारी चारला घरी ये. पहिला आणि दहावा भाग नव्याने लिहून आण. जेवूनच जा.

तुझा,
काका