तिसरी खुर्ची मागून घे

प्रिय मुली,

एचआयव्ही तपासणी केंद्रात समुपदेशक म्हणून रुजू होते आहेस, वाचून फार बरं वाटलं. विषाणू, सीडी-४ म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पेशींची मोजणी, गोळ्या हे सगळं प्रशिक्षणात शिकलीच असशील. मी घराबद्दल सांगते.

कितीतरी घरांत लागण झाल्याचं आधी सुनेलाच कळतं. दिवस गेले की तिचं रक्त तपासतात, नवऱ्याचं राहून जातं. रिपोर्ट तिचा आधी आला, म्हणजे आजार तिनेच आणला, असं घर ठरवून मोकळं होतं. 'पांढऱ्या पायाची' हे मी किती सासवांच्या तोंडून ऐकलंय! म्हणून नवऱ्यालाही तपासणीला बोलाव, पण तिला विचारून. तिची तयारी नसेल तर तिच्या आईलासुद्धा अवाक्षर बोलू नकोस. बाळाचं मात्र पहिल्याच भेटीत सांग: आईचे उपचार वेळेत सुरू झाले आणि जन्मल्यावर बाळाला औषध मिळालं, तर बहुतेक बाळं लागण न होता वाढतात. हे ऐकल्यावरच ती पुढचं ऐकेल.

'गोळ्या रोज घेता ना?' याला सगळ्या 'हो' म्हणतात. 'बाटली कुठे ठेवता?' हे विचार. एक बाई बाटलीत कापूस कोंबायची, रात्री झाकण उघडताना गोळ्या खुळखुळल्या तर सासू जागी होईल म्हणून. सासू माहेरपणाला आलेल्या नणंदेजवळ झोपली की हिची गोळी बिनघोर. पाहुणे आले की चुकली. हे कुठल्या रजिस्टरात येतं?

एप्रिल २००४मध्ये सरकारने मोफत एआरटी, म्हणजे एचआयव्हीला आवर घालणारी औषधं, सुरू केली. त्याआधीच्या काळात आईबाप दोघंही गेले, असं कितीदा पाहिलं. नातवंडं आजीच्या पदरात. अशाच एका घरातली चौदा वर्षांची मुलगी धाकट्या भावाला घेऊन माझ्याकडे आली होती. आजीला गुडघ्यांमुळे एसटीत चढवत नव्हतं. 'मोठं माणूस घेऊन ये,' म्हणून मी तिला परत पाठवलं. ते आजही सलतं. त्या घरातलं मोठं माणूस तीच होती. पुढे २०१७च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने मान्य केलं, की बारा ते अठरा वयाचं समजदार भावंडसुद्धा अशा घरात धाकट्यांच्या उपचारांसाठी, शाळाप्रवेशासाठी पालक होऊ शकतं. तो कायदा २०१८पासून लागू आहे. त्याची प्रत टेबलाच्या खणात ठेव, लागेल.

बऱ्याच ठिकाणी खोलीत दोनच खुर्च्या असतात. तिसरी मागून घे. सोबत आलेलं माणूस दारात ताटकळत उभं राहतं, आणि गोळ्यांची वेळ घरी तेच सांभाळणार असतं.

रुजू झालीस की कळव.

तुझी,
ताई