वेल्स देशाच्या वेल्श भाषेतल्या 'ग्विबॉद' क्रियापदाचा अर्थ काय, ते आलं कुठून, आणि 'ऊइर' हे त्याचंच रूप कसं?

अर्थ: माहीत असणं. माणसाला ओळखणं यासाठी वेगळं क्रियापद आहे, 'अदनाबॉद'. हा फरक मराठी माणसाला शिकवावा लागत नाही. इंग्रजीतून वेल्शकडे येणारे मात्र इथे हमखास अडखळतात.

मुळाबद्दल मला जरा जास्त बोलायचंय. दिवाळीला कार्डिफहून पुण्याला गेले होते, तेव्हा मामांनी माझी वेल्शची वही चाळली. त्यात लिहिलं होतं: ग्विद + बोद, पहिला संस्कृत 'विद्'चा (जाणणे) नातलग, दुसरा 'भू'चा (असणे, होणे). खाली जोड्या: विधवा–ग्वेदू, वीर–गूर, वात–ग्विंत. शब्दारंभी आपला 'व', तिथे 'ग'ला चिकटलेला. मामांनी फराळाला जमलेल्या सगळ्यांना वही दाखवली. "बघा, वेल्शसुद्धा संस्कृतातूनच निघाली!" मी म्हटलं, "मामा, आई नाही, बहीण." झालं! पानं वाढेपर्यंत वाद चालला, आणि 'तिकडे राहून पोरगी आपलं ते विसरली' असा निकाल लागला.

मी काही विसरलेले नाही. संस्कृतात 'शत', वेल्शमध्ये 'कान्त', 'दश'ला 'देग'. मूळचा 'क' संस्कृतात 'श' झाला, वेल्शमध्ये 'क' किंवा 'ग' राहिला. मुलीने आईपेक्षा जुना उच्चार आणला कुठून? भाषांचे अभ्यासक विल्यम जोन्स यांनी १७८६ साली कलकत्त्यात हेच मांडलं: संस्कृत, ग्रीक, लॅटिन यांचं मूळ एक, आणि ते कदाचित आता उरलेलं नाही. केल्टिकही (वेल्श ज्या कुळातली, ते) त्यातलीच असावी, असंही ते म्हणाले. त्यांचे वडील वेल्श, अँगलसी बेटावरचे. बहीण म्हटल्याने संस्कृतचा मान कमी होत नाही, हे मामांना कोणीतरी सांगा.

रूपं: गुन (मला माहीत आहे), ग्विदॉस्त (तुला), गूइर (त्याला किंवा तिला), अनेकवचनी ग्विदॉम, ग्विदॉख, ग्विदांत. वाक्यात काही ठिकाणी आरंभीचा 'ग' गळतो, म्हणून 'दिऊ आ ऊइर', म्हणजे अगदी आपलं 'देव जाणे'. शब्दकोशात 'ग' लावून शोधा.

ही रूपं आता मुख्यतः लेखनात आणि ठरावीक वाक्प्रचारांत दिसतात. बोलताना लोक सरळ 'द्विन ग्विबॉद' (मला माहीत आहे) म्हणतात. आणि उत्तर वेल्सचे उच्चार वेगळे, शिवाय 'ग्विदॉस्त'मधला 'द' इंग्रजी 'दिस' (this) मधला आहे, आपल्या 'दिवा'तला नाही.