विडीचा आणि सांध्यांचा काय संबंध?

प्रश्न : माझे यजमान यंत्रमागावर आहेत. वीस वर्षं रोज एक बंडल विडी ओढतात. तीन महिन्यांपासून सकाळी तासभर बोटं आखडलेली असतात, तुटलेला धागा जोडता येत नाही. डॉक्टरांनी आमवात सांगितला, अँटी-सीसीपी पॉझिटिव्ह आहे. विडी सोडा म्हणतात. आता सोडून काय फरक पडणार? विडीऐवजी तंबाखू चालेल का?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : फरक पडतो. धुरानं फुप्फुसाच्या अस्तराला सतत सूज राहते आणि तिथल्या प्रथिनांतल्या आर्जिनिन या घटकाचं रूप बदलून सिट्रुलिन होतं. ज्यांच्यात आनुवंशिक कल असतो, त्यांचं शरीर या बदललेल्या प्रथिनांना परकं समजून त्यांच्यावर प्रतिपिंडं सोडतं. अँटी-सीसीपी या रक्ततपासणीत तीच दिसतात, आणि पुढे सांध्यांची सूजही यातूनच येते. सांधे सुजण्याआधी कित्येक वर्षंही ती रक्तात असू शकतात. म्हणून यजमानांच्या भावंडांनी आणि मुलांनी तर विडीला हातच लावू नये. विडी लहान म्हणून सौम्य, हाही गैरसमजच. ती विझू नये म्हणून वारंवार झुरके घ्यावे लागतात, त्यामुळे धूर भरपूर आत जातो.

धूम्रपान चालू असेल तर मेथोट्रेक्सेट या आमवातावरच्या औषधाचा गुण कमी येतो, फुप्फुसं आणि हृदय यांचा धोकाही वाढतो. म्हणून सोडायचं ते आजच. आमवाताचा धोका मुख्यतः धुराचा आहे. पण तंबाखूनं तोंडाचा कर्करोग होतो, त्यामुळे ही अदलाबदल नकोच.

सोडताना पहिले दोन-तीन आठवडे कठीण जातात. तलफ काही मिनिटांत ओसरते, तेवढा वेळ पाणी प्यावं, जागेवरून उठावं. सकाळी उठल्यापासून अर्ध्या तासात पहिली विडी लागत असेल तर डॉक्टरांना विचारून ४ मिलिग्रॅमची निकोटिनची चघळायची गोळी (निकोटिन गम) घ्या. ती नेहमीच्या च्युइंगमसारखी सतत चघळायची नाही. जीभ चुरचुरली की गालात दाबून ठेवायची, चव गेली की पुन्हा चावायची, असं अर्धा तास. आधी पंधरा मिनिटं चहा नको, नाहीतर निकोटिन नीट शोषलं जात नाही. १८००-११-२३५६ या मोफत क्रमांकावर समुपदेशक बोलतात.

कापडाच्या धुळीचाही आमवाताशी संबंध मलेशियातल्या महिलांच्या अभ्यासात आढळला आहे, तेव्हा मागावर मास्क बांधावाच.

एक मात्र कटाक्षानं पाळा : मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच, ठरलेल्या वारी. चुकून रोज घेतलं तर जिवावर बेतू शकतं. कोरडा खोकला किंवा दम लागू लागला तर पुढच्या तारखेची वाट न पाहता डॉक्टरांना दाखवा.