क्लासची फी भरली, मुलीला विचारलं का?

प्रश्न : मुलगी सांगलीत बी.ए. इतिहासाच्या शेवटच्या वर्षाला आहे. ७८ टक्के. तिला आफ्रिकेतल्या वसाहतींमधल्या फॅसिस्ट युवक संघटनांवर संशोधन करायचंय. मी तिला न विचारता पुण्यात एमपीएससीच्या क्लासची फी भरली. तेव्हापासून अबोला आहे. पोरांच्या कवायतीत अभ्यास कसला? तुम्हीच समजवा. – एक पालक

उत्तर : टक्के उत्तम आहेत, त्यांची काळजी सोडा. मी अडलो ते ‘न विचारता’पाशी. मूळ पत्रात फीचा आकडा दोनदा आलाय. मुलीला हा विषय का हवा, ते एकदाही नाही. अबोला विषयावरून नाही, तिला गृहीत धरल्यावरून आहे. एमपीएससीला वर्षानुवर्षं मान मोडून बसावं लागतं, जागा मोजक्या. मनाविरुद्ध बसवलेलं पोर तिथे टिकत नाही.

आता ‘पोरांची कवायत’. १९३५मध्ये लिबियात इटलीने अरब मुलांसाठी फॅसिस्ट युवक संघटना काढली. इटालियन मुलांची वेगळी, यांची वेगळी. गणवेश द्यायचा, सलाम शिकवायचा, पुढे फौजेत घ्यायचं. पण बरोबरीला बसवायचं नाही. हुकूमशहा सालाझारच्या पोर्तुगालने १९३६मध्ये ‘मोसिदाद पोर्तुगेझा’ स्थापली : हिरवा शर्ट, पट्ट्याच्या बकलवर मोठा ‘एस’. ती अंगोला-मोझांबिकमध्ये गेली, तशीच आपल्या शेजारी गोव्यातही आली. पणजीच्या लिसेव या पोर्तुगीज काळातल्या शाळेत शिकलेल्या एखाद्या आजोबांना विचारा. शाळकरी वयातच राजवटीची माणसं कशी घडवतात, हा अभ्यास फालतू वाटत असेल, तर इतिहासच फालतू म्हणावा लागेल.

मुलीलाही सांगतो : ‘आफ्रिका’ हा एका प्रबंधाचा विषय नव्हे. एक वसाहत निवड. लिबिया घेतलास तर इटालियन आणि अरबी, मोझांबिक घेतलास तर पोर्तुगीज. नुसत्या इंग्रजीवर दुसऱ्यांचं उष्टं वाचत बसशील. मी तर मोझांबिक आणि गोवा एकत्र घ्यायला सांगेन. गोवा विद्यापीठात पोर्तुगीज शिकता येतं, पणजीला पुराभिलेखागार आहे. मुंबई विद्यापीठात आफ्रिकी अध्ययन केंद्रही आहे. संशोधनासाठी शिष्यवृत्ती हवी तर नेट-जेआरएफ ही परीक्षा द्यावी लागेल. प्राध्यापकी सहज मिळेल असं मात्र समजू नकोस, तासिका तत्त्वावर झिजणारे पुष्कळ आहेत. भाषा पक्की असली तर अनुवादाची कामं तरी हाताशी राहतात.

साहेब, फी परत मिळते का ते आजच विचारा. आणि पुढचं पत्र तिला लिहू द्या.