आईचं तोंड सारखं येतं, तिखट अजिबात चालत नाही, काही घरगुती औषध आहे का?

तुम्ही लिहिलंय की आईंचं तोंड दर महिना-दोन महिन्यांनी येतंच आणि जेल लावून कंटाळा आलाय. आमच्याकडे यावर पहिला उपाय जाईचा पाला. चार-पाच कोवळी पानं स्वच्छ धुवून सावकाश चावायची, रस तोंडात घोळवायचा आणि चोथा थुंकून टाकायचा, चव कडवट-तुरट आहे पण ठणका कमी होतो. जाईच हवी हां, पांढरं फूल दिसलं की तोडला पाला असं करू नका. जाई नाहीच मिळाली तर पेरूचा कोवळा पाला चालतो.

दुसरं म्हणजे त्रिफळा. चमचाभर चूर्ण दोन कप पाण्यात उकळून निम्मं करायचं, गाळून कोमट झालं की गुळण्या, आणि झोपताना फोडांवर साजूक तूप. ज्येष्ठमधाची काडीही चघळतात, छान थंड वाटतं, पण बीपी असेल तर रोज नको, त्याने बीपी वाढतो. लवंगेचं तेल दातदुखीसाठी ठीक, आलेल्या तोंडाला लावलंत तर अजून भाजेल. काहीजण टाकणखाराची (म्हणजे बोरॅक्सची) लाही मधातून लावायला सांगतात, मी सांगणार नाही, ते पोटात जाणं बरं नाही.

पण हे सगळं त्या वेळेपुरतं. सारखं सारखं येतंय म्हणजे कारण दुसरीकडे असू शकतं, म्हणून बी-१२, फॉलिक आणि हिमोग्लोबिन-आयर्न एकदा तपासून घ्याच, शाकाहारी असतील तर बी-१२ आधी. एखादा दात किंवा कवळी घासते का तेही बघा, तसं असेल तर कितीही पाला चावला तरी जखम तिथेच परत होणार.

आणि एक, तोंड पुरेसं उघडतं का ते कळायला त्यांची स्वतःची तीन बोटं एकावर एक उभी धरून तोंडात जातात का बघा. जात नसतील, गालात आतून पांढरा चट्टा असेल किंवा एकच फोड दोन-तीन आठवडे भरत नसेल तर पाला बिला बाजूला ठेवून सरळ दातांच्या डॉक्टरांना दाखवा, सरकारी डेंटल कॉलेजात स्वस्तात होतं.

आई मिश्री लावतात का किंवा तंबाखू-सुपारी खातात का, ते लिहिलं नाहीत तुम्ही. खात असतील तर यातलं काही करायच्या आधी ते बंद करायला लागेल.