कोणी बोलावले नसताना

प्रिय डॉक्टर,

अनेक आशीर्वाद. बाँडच्या (सक्तीच्या सरकारी) सेवेसाठी बीड जिल्ह्यातल्या उपजिल्हा रुग्णालयात नेमणूक झाल्याचे कळले. श्वासनलिकेत ट्यूब टाकायला हात बसेल का, ही तुझी काळजी रास्त आहे. पण हात सरावाने बसतो. त्याहून उशिरा अंगी येते ती सवय म्हणजे एकदा तपासलेल्या रुग्णाकडे, कोणी बोलावले नसताना, पुन्हा जाणे.

आपल्या भागातले आजारच असे आहेत की पहिल्या तपासणीवर विसंबून चालत नाही. मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक प्यायलेला रुग्ण आला की कपडे काढून अंग धुवायचे आणि ॲट्रोपिन हा उतारा सुरू करायचा, हे तुला पाठच असेल. ॲम्प्यूल 0.6 मिलिग्रॅमचे असते, म्हणजे 3 मिलिग्रॅमसाठी पाच फोडावी लागतात. ती सिस्टर फोडतील, तू छाती ऐकत राहा. छातीतली घरघर थांबेपर्यंत आणि नाडी व वरचा रक्तदाब दोन्ही 80 च्या पुढे जाईपर्यंत दर पाच मिनिटांनी डोस दुप्पट करायचा असतो, आणि डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या झाल्या एवढ्यावर समाधान मानायचे नसते. पुढे तोच रुग्ण असंबद्ध बोलू लागला, अंग तापले आणि पोटातले आवाज बंद झाले, तर ॲट्रोपिन जास्त झाले असे समज. तिसऱ्या दिवशी, नातेवाईक सुट्टी मागत असताना, त्याला उशीवरून मान उचलायला सांग. मान उचलत नसेल तर श्वासाचे स्नायूही थकत चालले आहेत. विष घेतल्यानंतर साधारण 24 ते 96 तासांत ही अवस्था येते, आणि तोवर रुग्ण चांगला बोलत असल्यामुळे सगळेच गाफील असतात. या तपासणीला अर्धा मिनिट लागत नाही, तरी केसपेपरवर तिची नोंद क्वचितच दिसते.

सर्पदंशाचेही तसेच. घोणस किंवा फुरशाचा संशय असेल तर स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत 2 मिलिलिटर रक्त घेऊन 20 मिनिटे अजिबात न हलवता ठेव; ते गोठले नाही तर विष रक्तात भिनले आहे. नळी प्लास्टिकची किंवा साबणाने धुतलेली असेल तर उत्तर चुकते. सापाच्या विषावरची लस दिल्यावर सहा तासांनी तीच चाचणी पुन्हा करायची असते. मण्यार मात्र सर्वांत फसवी. पावसाळ्यात आखाड्यावर खाली झोपलेला सालगडी पहाटे पोट दुखते म्हणून येतो, अंगावर दाताची खूण सापडत नाही, आणि ॲसिडिटीचे इंजेक्शन देऊन त्याला बाकावर बसवले जाते. त्याला रात्री कुठे झोपला होता हे विचार, वर बघायला सांग आणि तासाभराने पापण्या खाली पडत आहेत का ते पुन्हा पाहा.

विंचूदंशावर प्रॅझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून देणारे डॉ. हिंमतराव बावस्कर मूळचे आपल्या जालना जिल्ह्यातले. त्यांनी ते काम महाडच्या परिसरात, मोठ्या संस्थेच्या प्रयोगशाळेत नव्हे तर रुग्णांच्या खाटेशी बसून केले आणि ते ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. साधनांची तक्रार करण्याआधी हे एकदा आठवावे, असे मला वाटते; तक्रार करूच नये असे मात्र नाही.

रुग्ण अंबाजोगाईच्या मेडिकल कॉलेजला किंवा संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात पाठवायची वेळ येईलच. आधी तिथल्या ड्युटीवरच्या डॉक्टरशी स्वतः बोल आणि चिठ्ठीवर नुसते ‘पुढील उपचारासाठी’ न लिहिता ॲट्रोपिन किती व केव्हा दिले, लसीच्या किती बाटल्या गेल्या, रक्ताची शेवटची नळी किती वाजता लावली हे लिही. मान टिकत नसलेल्या रुग्णाला 108 च्या रुग्णवाहिकेत तसाच चढवू नकोस. खड्ड्यांच्या रस्त्यावर ट्यूब टाकण्यापेक्षा निघण्यापूर्वी टाकलेली केव्हाही बरी.

एमएलसीच्या (पोलिसांना कळवाव्या लागणाऱ्या केसच्या) कागदांसाठी उपचार थांबवायचे नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने 1989 सालीच परमानंद कटारा खटल्यात सांगितले आहे. डॉक्टरांवरील हल्ल्यांविरुद्ध राज्याचा 2010 चा कायदाही आहे, पण रात्री दोन वाजता कायदा दारात उभा राहत नाही. जमावातला एक जाणता माणूस निवडून दर अर्ध्या तासाने त्याच्याशी बोलत राहिलास तर निम्मा ताण तिथेच उतरतो, आणि मृत्यूची बातमीही त्याला अगदीच अनपेक्षित राहत नाही.

एमडी कशात करावे, हेही तू विचारले आहेस. इमर्जन्सी मेडिसिनला आपल्याकडे स्वतंत्र विषयाची मान्यता 2009 साली मिळाली, त्यामुळे मेडिसिनची जागा मिळेपर्यंत काढायचे वर्ष म्हणून त्याकडे पाहणारे ज्येष्ठ तुला भेटतील. त्यांचे ऐकून आत्ताच ठरवू नकोस. रुग्ण वॉर्डात गेल्यावर त्याचे पुढे काय झाले ही उत्सुकता तुला दिवसेंदिवस लागून राहत असेल तर मेडिसिन घे. दारात येणाऱ्या पुढच्या अनोळखी रुग्णाकडे लक्ष जात असेल तर हा विषय तुझा. आणि रात्रपाळी संपल्यावर मोटारसायकलवरून गावी जाऊ नकोस. आधी झोप.

रुजू झाल्याच्या दिवशीच ट्यूब टाकताना लागणाऱ्या लॅरिंगोस्कोपचा बल्ब पेटतो का, सक्शन ओढते का आणि सापाच्या लसीच्या किती बाटल्या कपाटात आहेत, हे रजिस्टरवरून नव्हे तर स्वतः पाहून मला कळव. बाटल्या कमी असतील तर मागणीपत्र कसे लिहायचे ते फोनवर सांगेन.

तुझा,
सर