आजोबांची पद्मिनी रस्त्यावर आणायची आहे, पण आरसी बुकावर नाव कुणाचं?

प्रश्न : आजोबांची १९७४ ची प्रीमियर पद्मिनी परतूरजवळ आमच्या शेतातल्या आखाड्यावर बरीच वर्षं उभी होती. आजोबा १९९९ ला गेले, वडील तीन वर्षांपूर्वी. आरसी बुक अजून आजोबांच्याच नावावर आहे, शिक्का औरंगाबादचा. गेल्या वर्षी मी गाडी जालन्यात गॅरेजला टाकली. तळाचा पत्रा गंजून गेलाय, इंजिन जाम आहे. पावणेदोन लाखांत बोलणं झालं होतं, आता तीन लाख दहा हजार मागतात, वर जागेचं भाडं. पैसे दिल्याशिवाय गाडी सोडत नाहीत आणि मारुतीचं इंजिन बसवू म्हणतात. पुण्याचे काका म्हणतात, पंधरा वर्षांवरची गाडी चालवताच येत नाही, भंगारात घाल आणि पैसे वाट. मित्र म्हणतो, व्हिंटेजमध्ये नोंदव. मला दिवाळीत घरच्यांना याच गाडीतून जांबसमर्थला न्यायचंय. काय करू?

उत्तर :

काकांचं सगळं म्हणणं पंधरा वर्षांच्या धाकावर उभं आहे, म्हणून आधी तेच पाहू. पेट्रोल गाडीला पंधरा आणि डिझेलला दहा वर्षं ही मर्यादा हरित लवादाने २०१५ मध्ये घातली, सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये उचलून धरली, पण ती दिल्ली आणि आसपासच्या राजधानी क्षेत्रापुरती. ती बातमी मोबाइलवर फिरत फिरत मराठवाड्यात येते आणि इथे तिचा कायदा होतो. आपल्याकडे लागू आहे ते मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ४१. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची. पुढे तपासणीत पास झाली तर दर वेळी पाच वर्षांनी वाढवून मिळते. किती वेळा, याला मर्यादा नाही. तुमची गाडी जुनी आहे म्हणून बेकायदा ठरत नाही. आज ती रस्त्यावर आणता येत नाही याचं कारण वेगळं: नोंदणीची मुदत गेलेली, विमा नाही, पीयूसी नाही आणि कागदावरचा मालक हयात नाही.

भंगारात द्यायचं सगळ्यांनी ठरवलं तरी ते वजनकाट्यावर होत नाही. जालन्यात लोखंडाच्या भट्ट्या हाकेच्या अंतरावर आहेत, मोह होतो. पण २०२१ च्या नियमांप्रमाणे गाडी नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रात द्यावी लागते, तिथून प्रमाणपत्र मिळतं आणि मग नोंदणी रद्द होते. नाहीतर आजोबांच्या नावावरचा नंबर जिवंत राहतो आणि उद्या तो कुणाच्या गाडीवर निघेल सांगता येत नाही.

आता मुख्य गोष्ट, नाव. गाडी आजोबांची स्वकष्टार्जित जंगम मालमत्ता होती आणि मृत्युपत्र नव्हतं असं धरतो. हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम ८ प्रमाणे ती आजी, मुलगे आणि मुली यांच्याकडे समान हिश्शाने गेली. वडिलांचा हिस्सा त्यांच्यानंतर तुमच्या आईकडे, तुम्हा भावंडांकडे आणि आजी तेव्हा हयात असतील तर त्यांच्याकडेही आला. म्हणजे काकांचा हिस्सा आहेच, ते नाकारू नका. पण पत्रात आत्यांचा उल्लेखही नाही. जमिनीच्या वेळी आत्याची सही सगळ्यांना आठवते, गाडीच्या वेळी कुणालाच नाही. आत्या असतील तर त्यांची संमती काकांच्या संमतीइतकीच लागेल.

मालकाच्या मृत्यूनंतर गाडी नावावर करायचा अर्ज म्हणजे फॉर्म ३१. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम ५६ प्रमाणे मृत्यूची खबर तीस दिवसांत आणि अर्ज तीन महिन्यांत द्यायचा असतो. तुम्हाला पंचवीस वर्षांहून जास्त उशीर झाला आहे. त्यापायी दंड भरावा लागेल, हक्क जाणार नाही. सोबत आजोबांचा आणि वडिलांचा मृत्यूचा दाखला, तुमचं प्रतिज्ञापत्र आणि इतर सगळ्या वारसांची नोटरी केलेली ना हरकत प्रतिज्ञापत्रं जोडा. ‘कोर्टातून सक्सेशन सर्टिफिकेट आणा’ असं एजंट सांगेल. ते प्रमाणपत्र येणी आणि रोख्यांसाठी असतं, गाडीसाठी नाही. वारसांत वाद पेटला तरच दिवाणी न्यायालयाचा रस्ता. काका अडून बसले तर त्यांच्याशी साधा लेखी समझोता करा: गाडी तुमच्या नावावर, गॅरेजला देण्याआधी तिची जी किंमत होती तिच्यातला हिस्सा त्यांना. गंजलेल्या सांगाड्याची किंमत धरायची, तुमच्या खर्चाने उभी राहिलेल्या गाडीची नाही. हा मुद्दा सोडू नका.

नोंदणी १९७४ ची, म्हणजे जालना जिल्हा १ मे १९८१ ला झाला त्याच्या आधीची. मूळ रेकॉर्ड आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या आरटीओत असण्याची शक्यता जास्त. जुन्या हाती नोंदी संगणकात नसल्या की बॅकलॉग नोंद करून घ्यावी लागते. पहिला अर्ज त्यासाठीच द्या आणि त्यातच कराची, नूतनीकरणाची आणि पर्यावरण कराची थकबाकी लेखी मागा. ऑगस्ट २०२५ पासून वीस वर्षांवरच्या हलक्या मोटारीचं नूतनीकरण शुल्क १०,००० रुपये आहे आणि उशिराच्या अर्जाला दरमहा ५०० रुपये जादा लागतात. गाडी वापरात नसल्याचं आजोबांनी किंवा वडिलांनी कधी कळवलं असेल तर ती पोच शोधा, कराच्या हिशोबात ती मोलाची ठरेल. थकबाकीचा हा आकडा हातात आल्याशिवाय गॅरेजमध्ये आणखी पैसा ओतू नका.

गॅरेजवाल्याकडे येऊ. करार कायदा १८७२ च्या कलम १७० प्रमाणे ज्या वस्तूवर त्याने श्रम आणि कसब खर्च केलं ती मजुरी मिळेपर्यंत तो ठेवून घेऊ शकतो. त्याचा हा हक्क खरा आहे, पण ठरलेल्या कामाच्या योग्य मजुरीपुरता. ठरवून न घेतलेलं जागेचं भाडं त्यात घुसवता येत नाही, आणि पावणेदोनचे तीन लाख दहा हजार कसे झाले याचा हिशोब त्यानेच द्यायचा आहे. लेखी नोटीस पाठवून कामवार बिल, सुट्या भागांच्या पावत्या आणि काढलेले जुने भाग मागा. जी रक्कम मान्य आहे ती बँकेतून द्या, उरलेल्या रकमेवर हरकत नोंदवा. नाहीच ऐकलं तर जिल्हा ग्राहक आयोग. तक्रारीला कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. एक मात्र करू नका. दुसरी किल्ली घेऊन रात्री गाडी उचलून आणू नका. दुरुस्तीची मजुरी थकवून कायदेशीर अडकवलेलं आपलंच घड्याळ उचलून नेणारा चोर ठरतो, असं उदाहरण भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३ मध्येच दिलेलं आहे.

मारुतीचं इंजिन मुळीच नको. आरसीवरचा तपशील आणि गाडी यांत फरक पडला की मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येतं. परवानगीशिवाय असा बदल केल्यास कलम १८२अ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. जुनंच इंजिन बोअर करून बसवता येतं का ते आधी पाहा. पत्राकामाबद्दल माझी काळजी याहून मोठी आहे. पद्मिनीला ट्रकसारखी वेगळी चेसिस नसते, बॉडीच सगळा भार पेलते, आणि चेसिस नंबर बॉडीच्याच पत्र्यावर ठोकलेला असतो. डेंटरने गंजका तुकडा म्हणून तोच कापून नवा वेल्ड केला तर चोरीच्या गाडीचा संशय तुमच्यावर येईल. आजच गॅरेजवर जा, नंबरचे फोटो काढा, पेन्सिलने ठसा घ्या. नंबर वाचता येत नसेल तर आरटीओच्या लेखी परवानगीशिवाय त्याला हात लावू देऊ नका.

व्हिंटेजचा सल्ला मित्राने प्रेमाने दिला असेल. २०२१ च्या व्हिंटेज नोंदणीच्या नियमांत पन्नास वर्षांवरची, मूळ रूपातली गाडी त्यात बसते: नव्या नोंदणीचे २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं. पण ती गाडी रोज रस्त्यावर चालवता येत नाही. प्रदर्शन, रॅली, संशोधन, आणि त्यासाठीचं इंधन किंवा देखभाल, एवढंच. घरच्यांना घेऊन देवदर्शनाला जाणं त्यात बसत नाही. तुम्हाला हवं आहे ते साधं रिपासिंग, म्हणजे तपासणी करून नोंदणीचं नूतनीकरण.

तपासणीसाठी गाडी आरटीओत न्यायची ती पिकअपवर चढवून. टोचन करूनसुद्धा नाही. नावाची नोंद आणि पासिंग झालं की निदान थर्ड पार्टी विमा, पीयूसी, नवी नंबर प्लेट. विम्याशिवाय चालवली तर पहिल्या वेळी २,००० रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. पण खरा धोका अपघाताच्या भरपाईचा आहे, ती शेतावर येऊ शकते. दिवाळीपर्यंत एवढे सगळे कागद होणं अवघड दिसतं. जांबसमर्थला यंदा दुसऱ्या गाडीने जा.